टिटवी चिकटवायची, पण कुठे आणि कशानं?

पत्र :
ताई, मी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही लोकमान्य नगरमध्ये राहतो. गेलं वर्षभर मी एकाच टिटवीची चित्रं काढते आहे. कधी ती छत्री घेऊन उभी असते, कधी पोह्याच्या प्लेटकडे टक लावून बघते. दोन चित्रं पत्रासोबत पाठवते आहे. घरीच स्टिकर पेपरवर स्केचपेनानं काढते, कापते आणि वाटते. मैत्रिणींच्या स्कूटी, बाटल्या, लॅपटॉप सगळं भरून झालं. आता ती रस्त्यावर दिसावी असं फार वाटतं. बाबा म्हणतात, ‘स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहरात तू चिठ्ठ्या चिकटवत फिरणार? दंड होईल आणि लाजही जाईल.’ आजी म्हणते टिटवी अशुभ, तिचं चित्रसुद्धा घरात नको. त्यात माझे स्टिकर पंधरवड्यात फिके पडतात आणि कोपऱ्यातून सुटतात. बाहेरून विनाइलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या स्टिकरवर, छापून घेणं परवडत नाही. हा छंद सोडून देऊ का?
— टिटवीवाली, इंदूर

टिटवीवाली,

अजिबात सोडू नकोस. वर्षभर एकच पक्षी काढत राहणं सोपं नसतं, आणि तो काढून दुसऱ्यांना देत राहणं त्याहून अवघड असतं. पण तुझ्या पत्रात टिटवी कशी चिकटेल याची खूप चिंता आहे आणि ती कशी निघेल याबद्दल एक अक्षरही नाही. इंदूरमध्ये स्टिकर करायचे तर मी सुरुवात तिथून करेन. आधी डिंक ठरव, मग जागा, आणि चित्र त्या दोघांना धरून काढ.

बाबांचं म्हणणं खरं आहे. मध्य प्रदेशात 1994 चा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम आहे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय, लोकांच्या नजरेला पडणारी मालमत्ता शाई, खडू, रंग किंवा दुसऱ्या कशानं विद्रूप केली तर हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचून घाबरू नकोस, त्यातला ‘लेखी परवानगी’ हा शब्द धरून ठेव. दुकानदारानं वहीच्या कागदावर दोन ओळी लिहून सही केली की तुझी टिटवी त्याच्या दुकानाची पाहुणी झाली. बाबांना ती चिठ्ठी दाखव. माझा अंदाज आहे की त्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

उरलेला निम्मा लाजेचा आहे, आणि त्यालाही मी किंमत देते. 2017 पासून 2023 पर्यंत सलग सात वर्षं इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. ते नुसत्या घोषणांनी झालेलं नाही. रात्री बाजार मिटल्यावर झाडू घेऊन निघणारी माणसं त्यामागे आहेत. भिंतीवर पक्क्या गोंदानं काही चिकटवलं की ते खरवडायचं काम त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी वाट्याला येतं. हातात पत्र्याचा तुकडा, आणि कागदाबरोबर डिस्टेंपरचा पापुद्रा निघतो तो वेगळाच. तू काढलेलं चित्र ज्याच्या हातानं निघणार आहे, तो माणूस चित्र काढतानाच डोळ्यांसमोर असला पाहिजे. मला या छंदात याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

इंटरनेटवर तू अमेरिकेतल्या पोरांचे व्हिडिओ पाहत असशील. रात्री खांबावर फटकन स्टिकर मारायचा आणि पळायचं. त्यांच्या गावाचे नियम, त्यांची भांडणं वेगळी आहेत. तिथून घेण्यासारखं आहे ते दुसरंच. शेपर्ड फेअरी नावाच्या विद्यार्थ्यानं 1989 मध्ये, ऱ्होड आयलंडला कलाशाळेत शिकत असताना, एका धिप्पाड कुस्तीगिराच्या चेहऱ्याचे साधे काळे-पांढरे स्टिकर वाटायला सुरुवात केली. महागाचं काही नाही, पुन्हा पुन्हा दिसणारा एक चेहरा. तुझ्याकडे तो चेहरा आधीच आहे. त्याच व्हिडिओंमध्ये ‘एगशेल’ नावाचा प्रकार दिसेल. तो ओढला की अंड्याच्या कवचासारखा तुकड्यातुकड्यांनी निघतो, म्हणून काढणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. तसलं साहित्य मूळचं सीलसाठी आहे, कुणी पेटी उघडली तर कळावं म्हणून. ऑनलाइन मिळालं तरी घेऊ नकोस.

आता डिंकाकडे. स्टिकर पेपरला जो तयार गोंद असतो, तो 1930च्या दशकात आलेल्या सेल्फ-अॅडेसिव्ह लेबलच्या कुळातला. 1935 मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टँटन एव्हरीनं ती लेबलं बाजारात आणली. सोय मोठी, पण उन्हात तापलेल्या पत्र्यावर तो गोंद काही महिन्यांत भाजून घट्ट होतो, आणि मग निघताना कागद वेगळा, चिकटा वेगळा. त्याच्या आधी शंभरेक वर्षं लोक पोस्टाचं तिकीट चिकटवत होते ते पाण्यानं ओलं होणाऱ्या डिंकानं. तुझ्यासाठी मला तोच डिंक हवा आहे. पाण्यानं लागतो, पाण्यानं निघतो.

सियागंजात किराण्याच्या दुकानात जा आणि ‘बबूल का गोंद’ माग. ‘गोंद कतीरा’ घेऊन येऊ नकोस. तो पाण्यात विरघळत नाही, फुगून जेलीसारखा होतो आणि सरबतातच शोभतो. बाभळीचा डिंक पन्नास ग्रॅम, त्यावर शंभर मिलिलिटर गरम पाणी. रात्रभर झाकून ठेव. सकाळी ढवळ, गाठी मोड आणि जुन्या मलमलच्या कापडातून गाळ, कारण डिंकात सालीचे तुकडे हमखास असतात. त्यात चहाचा एक छोटा चमचा साखर आणि ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाक. ही दोन्ही नसतील तर वाळलेला डिंक ठिसूळ होतो, कागद वाकवला की तडतड सुटतो. लवंगेच्या तेलाचा एक थेंब पडला तर बुरशीही लवकर येत नाही.

चित्र आधी छापून किंवा काढून घे, डिंक नंतर. कागद सत्तर-ऐंशी ग्रॅमचा, म्हणजे झेरॉक्सचा साधा कागद पुरतो. चपट्या ब्रशनं मागून एक पातळ हात, वाळला की आडवा दुसरा पातळ हात. एकदम जाड थर दिला तर कागद गुंडाळून बसतो. थोडासा तरी तो वळेलच. पूर्ण वाळल्यावर रात्रभर पुस्तकांच्या ढिगाखाली ठेवला की सरळ होतो. कापायचं त्यानंतर. लावताना ओला स्पंज मागून फिरव, दहापर्यंत मोज आणि दाब. जिभेनं चाटू नकोस. किराण्यातल्या डिंकावर किती हात फिरलेले असतात कुणास ठाऊक.

हा स्टिकर काचेवर, पत्र्यावर, गुळगुळीत टाइलवर आणि ऑइलपेंटच्या लाकडावर चांगला बसतो. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर बसतच नाही, आणि बसू नये हेच बरं. काढायचा तर ओलं फडकं दोन मिनिटं ठेवायचं, पुसायचं, झालं. इंदूरचा जूनच्या मध्यापासूनचा पाऊस त्याला धुऊन नेईल. नेऊ दे. तुझा रस्त्यावरचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा धर आणि पावसाळ्यात घरी बसून पुढच्या टिटव्या काढ. मात्र डिंक लावलेले कागद पावसाळ्यात एकावर एक रचून ठेवलेस तर हवेतल्या ओलीनंच त्यांची एक वीट तयार होते. मध्ये बटर पेपर घालत जा.

मोठं चित्र लावायचं असेल, हातभर उंचीचं, तर खळ लागेल. त्यासाठी तुला माझी गरजच नाही, आजीला विचार. आकाशकंदिलाला कागद लावताना मैद्याची खळ करणाऱ्या पिढीतल्या त्या असणार. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, एवढं सूत्र मी सांगू शकते. हाताला किती दाट लागली की उतरवायची हे त्याच दाखवतील. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. तू घालू नकोस, ते विषारी असतं. चिमूटभर तुरटी पुरे, नाहीतर रोजची रोज ताजी कर.

बाटली, स्कूटी, सायकल यांसाठी पाण्याला टिकणारा स्टिकर हवा असेल तर फुकटात पडावी अशी एक रीत आहे. चित्राची झेरॉक्स काढ. इंकजेटची प्रिंट चालत नाही, टोनरची, म्हणजे झेरॉक्सच्या कोरड्या शाईचीच हवी. त्यावर दोन इंची पारदर्शक पॅकिंग टेप बुडबुडा न राहता चिकटव आणि चमच्याच्या पाठीनं जोरात घास. मग ते पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवून ठेव आणि मागचा कागद अंगठ्यानं हलकेच चोळून काढ. कागदाचा लगदा निघून जातो, काळी रेघ टेपवरच राहते, आणि टेप वाळली की तिचा चिकटपणा बराचसा परत येतो. पांढरी जागा पारदर्शक होते हे लक्षात ठेव : पिवळ्या बाटलीवर तुझी टिटवी पिवळी होईल. मला तर ते फार आवडतं. असे तुकडे ठेवायला रेडियमवाल्याकडे जा. गाड्यांवर नावं कापून देतो तो. विनाइल काढून झाल्यावर मागचा गुळगुळीत कागद त्याच्याकडे ढिगानं पडलेला असतो, आणि मेण लावल्यासारख्या त्या थरामुळे तो रद्दीतही धड जात नाही. मागितलास तर तो आनंदानं देईल. विनाइलच्या कापून उरलेल्या पट्ट्याही माग, त्यातून टिटवीचा डोळा आणि चोच निघेल. विनाइल परवडत नाही म्हणतेस ना, ते असं परवडतं.

फिकं पडण्याचं कारण तुझी स्केचपेनं. त्यांची शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, आणि उन्हात डाय मोडतो. गुलाबी आणि लाल सगळ्यात आधी जातात. इतर पक्ष्यांचं एक वेळ चालेल, पण टिटवीच्या डोळ्यापुढची लाल कातडीच गेली तर उरतं काय? काळ्यासाठी चिनी शाई वापर किंवा झेरॉक्सवरच भिस्त ठेव. दोन्हींत काळा येतो तो काजळीचा, म्हणजे कार्बनचा, आणि कार्बनला ऊन काही करत नाही. लालसाठी अॅक्रिलिकची एक छोटी बाटली घे, नाहीतर गेरू. गेरू म्हणजे लोहाची माती, तो शतकानुशतकं फिका पडत नाही. तोच तुझा बाभळीचा डिंक गेरूत खलबत्त्यात घोटलास की जलरंग तयार. विटकरी लाल येतो, टिटवीला जरा वयस्कर करतो, पण शोभतो.

कोपरे सुटण्याचं उत्तर छोटं आहे : कोपरे ठेवूच नकोस. एक रुपयाचं नाणं ठेवून गोल काप. टोकाला नख लागतं, धूळ शिरते, तिथूनच कागद उचलतो. साडेसहा सेंटिमीटरचा चौकोन धरलास तर ए-फोर कागदावर बरोबर बारा बसतात आणि कडेला हात धरायला जागा राहते.

एवढ्या लहान चौकोनात चित्र कसं मांडायचं, याचा एक धडा तुझ्या गावातच आहे. होळकर संस्थानानं 1886 मध्ये स्वतःची टपाल तिकिटं काढली, त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांची छबी होती. बोटाच्या पेराएवढ्या जागेत चेहरा, आणि तरी ओळखू येतो. तुझ्या टिटवीजवळ छत्री आहे, प्लेट आहे, पोहे आहेत, शेव आहे, मागे राजवाडाही दिसतोय. चालत्या स्कूटीवरून यातलं काही दिसणार नाही. एक टिटवी, एक वस्तू, जाड रेघ, काळा आणि लाल. कागद भिंतीवर टेकवून दहा पावलं मागे जा आणि बघ. छत्रीची टिटवी टिकेल असं मला वाटतं. पोह्यांची कागदावर गोड आहे, पण लांबून तो नुसता ढीग दिसेल.

जागेबद्दल बोलायला मला सगळ्यात जास्त आवडेल, कारण इथेच नुसता चिकटवणारा आणि चित्रकार वेगळे होतात. टिटवी झाडावर बसत नाही. तिची पायाची मागची बोटं इतकी खुरटी असतात की फांदी पकडताच येत नाही. ती जमिनीवरचा पक्षी : मोकळं रान, नाल्याचा काठ, फार तर सपाट गच्ची. मग तिला खांबावर डोळ्याच्या उंचीला कशाला लावायची? खाली लाव. पायरीच्या उभ्या बाजूला, दाराच्या चौकटीच्या तळाशी, चहाच्या टपरीच्या पत्र्याच्या पायाशी. घोट्याच्या उंचीवर चालणारी टिटवी ज्याला दिसेल, त्याला ती सापडल्याचा आनंद होईल. शाळेत जाणारी पोरं सगळ्यांच्या आधी पाहतील.

तुझ्याच शहरात चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी राहत होते. वाळकं पान, फांदीचा तुकडा, कुणी टाकून दिलेली वस्तू यांत आधीपासून दडलेला आकार ते पाहायचे आणि अगदी थोडक्या हातानं तो आपल्याला दाखवायचे. घरातल्या मोठ्या माणसांना विचार, कुणी ना कुणी त्यांचं काम पाहिलेलं निघेल. स्टिकर हातात घेऊन जागा शोधू नकोस, नुसती हिंड. पाइपाचा वाक, पोपडा निघून पडलेला डाग, फरशीच्या फटीत उगवलेलं गवत. तिथे टिटवीनं काय करावं हे ती जागाच सांगते, आणि मग त्या जागेसाठी एकच चित्र काढायचं. छापील बारांपेक्षा असं एक मला जास्त मोलाचं वाटतं.

परवानगी मागायला दिवसाउजेडी जा. रात्री एकटीनं या कामासाठी बाहेर पडू नकोस. विचारायला रात्री मालक भेटणारही नाही. सुरुवात तू झेरॉक्स काढतेस त्या दुकानापासून कर, मग रेडियमवाला, पंक्चरवाला, कॉलेजजवळची टपरी. ‘भिया, ये छोटी सी चिड़िया यहाँ नीचे लगा दूँ? गीले कपड़े से निकल जाएगी,’ एवढं बोललीस की पुरे. त्याच्यासमोर एक लावून, पुसून दाखव. हो म्हणाला तर चिठ्ठीवर सही घे, नाही म्हणाला तर एक स्टिकर भेट देऊन पुढे चल. शटरच्या पट्ट्यांवर लावू नकोस. शटर वर गेलं की पट्ट्या एकमेकींवर घासतात, संध्याकाळपर्यंत टिटवीचे तुकडे. शटरच्या बाजूची उभी पट्टी चांगली.

राजवाडा, कृष्णपुरा छत्री, कुठल्याही जुन्या दगडाला हात लावायचा नाही, पाण्याच्या डिंकानंसुद्धा नाही. सच्छिद्र दगड ओल आणि चिकटा दोन्ही पिऊन घेतो. वाहतुकीच्या पाट्या, विजेच्या पेट्या, देवळं, झाडांची खोडं हेही वर्ज्य. शहरातल्या भिंतींवर कुणी रंगवलेली चित्रं आहेत, त्यांच्यावर तर मुळीच नाही. आणि हरवलेल्या माणसाची सूचना जिथे लावलेली असेल तिथून दोन हात लांब राहा.

आता आजी. त्यांच्याशी वाद घालू नकोस. रात्री टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होणार, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे, आणि काळोखात तो आवाज खरंच काळजात घुसतो. टिटवी ओरडते ती तिची अंडी उघड्यावर असतात म्हणून. खडे-मातीत नुसता एक खळगा करून ती बहुधा चार अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. कुत्रं येवो, गाय येवो, माणूस येवो, ती सगळ्यांच्या अंगावर धावून जाते. हे तू आजींना सांग आणि मग त्यांना टिटवीनं समुद्र आटवल्याची गोष्ट सांगायला लाव. अंडी गिळणाऱ्या समुद्रावर उठलेली ती टिटवी आजींनाही माहीत असणार. गोष्ट सांगता सांगता ज्या पक्ष्याची बाजू घेतली, त्याला घराबाहेर काढणं अवघड जातं. त्यातून एखादी चित्रमालिकाही निघेल : चार अंडी, आणि पुढ्यात पंख पसरून उभी आई. लाल रंग इथे भरपूर वापर.

शेवटचं, पोस्टाबद्दल. स्टिकर करणारे लोक एकमेकांना पाकिटं पाठवतात. तुझे पाच, त्यांचे पाच. पुण्यात, बडोद्यात, तुझ्याच वयाची मुलं हे करतात. या देवाणघेवाणीला कुणाची परवानगी लागत नाही आणि दुसऱ्याचं हाताचं काम जवळून पाहायला मिळतं. आलेले स्टिकर लगेच कुठे चिकटवू नकोस, रेडियमवाल्याच्या त्या गुळगुळीत कागदाची वही शिवून तिच्यात ठेव. तिथून ते कधीही अलगद निघतात. पाठवताना डिंकाच्या बाजूला बटर पेपर, दोन्हीकडून पातळ पुठ्ठा आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. आणि कोणता डिंक वापरलास, कसा काढायचा, हे मागे बारीक अक्षरात लिही. मलाही दोन पाठव, एक डिंकाची आणि एक टेपची.

तुझी,
ताई